टीव्ही गेमचं माहेर

टेंभुर्णीतल्या एखाद्या घरात भिंतीवर ४३ इंची रुंद टीव्ही लावलेला आहे, त्याला वायरने लॅपटॉप जोडला आहे आणि चार पोरं समोर सतरंजीवर बसून मोटारींची शर्यत खेळताहेत, असं समजा. (टेंभुर्णी म्हणजे जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली, सोलापूरकडची नव्हे.) बघणारा म्हणेल, कॉम्प्युटरवरचे खेळ आता टीव्हीवर आले. मला हे वाक्य उलटं वाटतं. हा खेळ टीव्हीवर आलेला नाही, तो परत आला आहे. त्याचा जन्म टीव्हीच्या पोटी झाला, टीव्हीच्या बळावर तो वाढला. कॉम्प्युटरच्या टेबलावर काही वर्षं राहिला, पण ते त्याचं माहेर नव्हे. याचा पहिला पुरावा आपल्याच बोलीत आहे. नव्वदच्या दशकात निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी आपल्याकडे विकल्या जायच्या, तेव्हा लोक त्या डब्याला 'टीव्ही गेम' नाहीतर 'व्हिडिओ गेम' म्हणायचे. कॉम्प्युटर कुणी म्हणायचं नाही. खरं तर आत होता तो कॉम्प्युटरच. त्याचा प्रोसेसर ६५०२ या घराण्यातला, म्हणजे ॲपल टू या प्रसिद्ध कॉम्प्युटरच्या भाऊबंदांपैकी. पण लोकांनी नाव दिलं ते आतल्या चिपवरून नाही, ज्या वस्तूला तो डबा जोडायचा तिच्यावरून. खेळाच्या चौकोनी ठोकळ्यालाही 'कॅसेट' म्हणत, आणि त्यात फितीचा तुकडासुद्धा नसे. आत असे एक सर्किटची पाटी आणि तिच्या कडेला पितळी रंगाचे बारीक दात. टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआर घरात आधी आले होते, म्हणून टीव्हीजवळच्या यंत्रात जे खुपसायचं ते कॅसेट. खेळ लागला नाही की ती काढून तिच्या दातांवर फुंकर मारायची रीत होती. फुंकरीने काही होत नसे. काढून पुन्हा घातल्यामुळे दात नीट टेकत आणि खेळ लागे. श्रेय मात्र फुंकरीला मिळे.

आता मूळ पुरुषाकडे जाऊ. राल्फ बेअर हा १९२२ साली जर्मनीत जन्मलेला ज्यू मुलगा. नाझींच्या छळामुळे १९३८ साली कुटुंबासह अमेरिकेत गेला. पुढे त्याने शिकागोत पदवी घेतली ती टेलिव्हिजन इंजिनिअरिंगची. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्याने स्वतःला घातलेला प्रश्न कॉम्प्युटरवाल्याचा नव्हता. कॉम्प्युटरवाला विचारतो, या यंत्राकडून आणखी काय करवून घेता येईल? बेअरने विचारलं, घरोघर कोट्यवधी टीव्ही पडून आहेत, त्यांवर आलेला कार्यक्रम मुकाट पाहण्यापलीकडे माणसाला काही करता येईल का? १ सप्टेंबर १९६६ रोजी त्याने या कल्पनेचं चार पानी टिपण लिहिलं. सँडर्स असोसिएट्स या संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या कंपनीत बिल हॅरिसन आणि बिल रश या सहकाऱ्यांबरोबर त्याने यंत्र बांधलं. वरून लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेला होता, म्हणून त्याचं नाव पडलं ब्राउन बॉक्स. त्यातून १९७२ साली मॅग्नावॉक्स कंपनीची ओडिसी बाजारात आली. तिच्यात प्रोसेसरच नव्हता, आवाजही नव्हता. पडद्यावर पांढरे ठिपके आणि मध्ये एक रेघ, एवढंच ती काढी. बाकी मैदान, जाळं, घर हे सगळं रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकवर छापलेलं असे. ते टीव्हीच्या काचेवर चिकटवायचं. टीव्ही लहान-मोठे असतात म्हणून हे प्लॅस्टिक दोन मापांत मिळे. आणि तिच्या बहुतेक खेळांना समोर दुसरा माणूस लागे, कारण यंत्राला स्वतःहून खेळता येत नव्हतं. म्हणजे घरगुती खेळाच्या या पहिल्या यंत्रात कॉम्प्युटर नाही, पण टीव्ही आहे आणि शेजारी बसलेला माणूस आहे. १९७३ साली बेअरला मिळालेल्या पेटंटच्या शीर्षकाचा पहिला शब्दच 'टेलिव्हिजन' होता.

यावर जाणकार हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. ओडिसीच्या आधी १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर' खेळला जात होता. त्याही आधी, १९५८ साली, ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथमने ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्रावर, टेनिस खेळवलं होतं. मग टीव्ही माहेर कसं? गंमत अशी की हाच वाद पुढे कोर्टात गेला. १९८५ साली निन्टेन्डोने बेअरची पेटंटं रद्द व्हावीत म्हणून हिगिनबोथमचं टेनिस पुढे केलं. कोर्टाने ते मानलं नाही. ऑसिलोस्कोपवरच्या त्या खेळात व्हिडिओ सिग्नलच नव्हता. कोर्टाचा निकाल म्हणजे इतिहासाचा निकाल नव्हे, हे मला मान्य आहे. पण त्यातला फरक खरा आहे. स्पेसवॉर ज्या यंत्रावर चाले ते एखाद्या विद्यापीठालाच परवडे. तो खेळ प्रयोगशाळेत जन्मला आणि बरीच वर्षं प्रयोगशाळांतच राहिला. दिवाणखान्यात जो खेळ आला त्याचा वंश बेअरच्या डब्यापासून सुरू होतो.

तो डबा काम कसं करी हे पाहिलं की मुद्दा आणखी घट्ट होतो. टीव्हीला तेव्हा अँटेनाशिवाय दुसरं दार नव्हतं. म्हणून खेळाचं यंत्र स्वतःच एक चिमुकलं प्रक्षेपण केंद्र बने. आतलं चित्र ते एखाद्या चॅनलच्या लहरीवर चढवून अँटेनाच्या भोकातून टीव्हीत सोडी, आणि टीव्हीला वाटे की एखादं केंद्रच लागलं. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, त्याच सुमारास ओडिसी अमेरिकेत विकली जाऊ लागली होती. पण मराठवाड्यातल्या गावांपर्यंत टीव्ही पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं, आणि पोचला तोही मुंग्यांसकट. एक जण माळवदावर चढून अँटेनाचा पाइप फिरवतोय, दुसरा खालून 'आलं, आलं, गेलं' असं ओरडतोय, हा तेव्हाचा संध्याकाळचा पाठच होता. अशा घरात खेळाच्या डब्याचं केंद्र हातभर वायरीवर असे, त्यामुळे त्याचं चित्र दूरदर्शनपेक्षा स्वच्छ दिसे. ज्या पडद्यावर बातम्या देणाऱ्याचा चेहरा धड ओळखू येत नसे, त्याच पडद्यावर खेळातल्या मारिओ या नायकाच्या टोपीचा रंगही कळे. खेड्यातल्या टीव्हीला सगळ्यांत जवळचं स्टेशन मिळालं ते हे.

खेळ टीव्हीच्या अंगात किती मुरला होता याची आणखी दोन उदाहरणं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपल्याकडची टीव्हीची पाल पद्धत सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवी. जपान-अमेरिकेत ६० वेळा. खेळ प्रत्येक रंगवणीला एक पाऊल पुढे टाकणारे. परिणामी पाल टीव्हीसाठी बनवलेल्या डब्यावर तिकडचा मारिओ एक षष्ठांशाने संथ पळे, आणि इथल्या पोरांना तीच त्याची मूळ चाल वाटे. दुसरं उदाहरण डब्याला जोडून पडद्यावरची बदकं मारायच्या बंदुकीचं. चाप ओढला की क्षणभर सगळा पडदा काळा होई आणि फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा होता. त्याला त्या क्षणी पांढरं दिसलं तर बदक पडलं. म्हणजे गोळी बंदुकीतून सुटतच नव्हती, उजेड टीव्हीकडून बंदुकीत येत होता. काचेच्या नळीचा पडदा ज्या घाईने आणि ज्या तालात उजळतो त्यावर हे सारं बेतलेलं. चपटे पडदे आले आणि ती बंदूक आंधळी झाली.

पण मधली पंधरा-वीस वर्षं खेळ कॉम्प्युटरवर, नेट कॅफेत, मॉनिटरपुढे गेला होता त्याचं काय? गेला होता, खरंच. पण जाताना त्याने टीव्ही बरोबर नेला. ईए कंपनीचा 'क्रिकेट ०७' हा २००६ सालचा खेळ घ्या. आपल्याकडे त्याच्याइतका खेळला गेलेला क्रिकेटचा कॉम्प्युटर गेम शोधून सापडणार नाही. त्यात फलंदाजाच्या डोळ्यांना दिसतं तसं मैदान दिसत नाही. बोलरच्या पाठीमागच्या उंच कॅमेऱ्याला दिसतं तसं दिसतं. खाली धावफलकाची पट्टी, विकेट पडली की रीप्ले, कानात रिची बेनॉ यांचं समालोचन. हा मैदानातल्या क्रिकेटचा खेळ नाही, टीव्हीवरच्या क्रिकेटचा खेळ आहे.

रुंद पडद्याची कथा वेगळी आहे, आणि तिथे मला थोडं नमतं घ्यावं लागतं. १६:९ हे माप खेळासाठी निघालं नाही. जुना टीव्ही ४:३ होता, सिनेमा त्याहून कितीतरी रुंद. ऐंशीच्या दशकात कर्न्स पॉवर्स या इंजिनिअरने सगळ्या प्रचलित मापांचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवले आणि त्यांना सामावणारं मधलं माप काढलं, ते हे. हिशेबातली सुंदर गोष्ट अशी की ४:३ चा वर्ग केला की नेमकं १६:९ येतं आणि घन केला की सिनेमास्कोप या रुंद सिनेमाच्या मापाच्या अगदी जवळ पोचतो. म्हणजे रुंद टीव्ही हा जुना टीव्ही आणि थिएटर यांच्यातली तडजोड आहे. खेळ त्यात नंतर बसला. २००५ साली आलेल्या एक्सबॉक्स ३६० या खेळाच्या यंत्रापासून खेळ या मापासाठी रचले जाऊ लागले. सिनेमाला रुंदी शोभेसाठी लागते. शर्यतीच्या खेळात डावीकडून घुसणारी गाडी वेळेवर दिसते ती रुंदीमुळेच.

सगळ्यांत बळकट आक्षेप वेगळाच आहे. आजचा टीव्ही हा मुळात तो टीव्हीच नव्हे. चपटा पडदा म्हणजे मोठा मॉनिटर, मग परत आला तो कुणाकडे? याला पुरावाही आहे. नळीचा टीव्ही सिग्नल आला तसा काचेवर ओती. चपटा टीव्ही चित्र आधी साठवतो, उजळतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. जुन्या चपट्या टीव्हींत या सजावटीला कधी कधी सेकंदाचा दहावा हिस्सा लागे. बटण दाबलं आणि बॅट फिरेपर्यंत चेंडू यष्ट्यांत. टीव्हीला खेळाचा जणू विसर पडला होता. म्हणून 'गेम मोड' आला, आणि टीव्हीला यंत्र जोडण्याच्या २०१७ च्या एचडीएमआय २.१ या पद्धतीपासून खेळ जोडला आहे हे ओळखून टीव्हीला सजावट आपोआप बंद करण्याची सोय झाली. माझं उत्तर असं की माहेरचं घर पाडून नवं बांधलं म्हणून माहेर बदलत नाही. मॉनिटर एका माणसापासून हातभर अंतरावर असतो. टीव्ही घराच्या भिंतीवर असतो, खेळणारे दोन असले तरी बघणारे सहा असतात, आणि 'मेलास ना, आता माझा नंबर' हे वाक्य तिथेच जन्मतं. ओडिसीला दुसरा माणूस लागत होता, ही अट टीव्हीने अजून सोडलेली नाही.

उरला मोबाइल. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि टेंभुर्णीपासून टोकियोपर्यंत सर्वांत जास्त खेळ मोबाइलवर खेळला जातो, यात वाद नाही. पण पोरगा खेळायला बसला की आधी काय करतो ते नीट पाहा. उभा फोन आडवा करतो. मग काचेवर डाव्या अंगठ्याखाली दिशा आणि उजव्या अंगठ्याखाली बटणं उमटतात. ही मांडणी १९८३ च्या फॅमिकॉमच्या पॅडची आहे, डावीकडे फुली आणि उजवीकडे दोन बटणं. आणि ते पॅड टीव्हीपासून वायरभर दूर बसण्यासाठी बनलं होतं.

त्या जुन्या डब्याबरोबर अँटेनाच्या वायरीत बसवायची एक आगपेटीएवढी डबी येई. तिच्यावर एक सरकता खटका होता आणि दोन बाजूंना दोन शब्द: टीव्ही, गेम. खटका गेमकडे गेला की दूरदर्शन बंद, टीव्हीकडे आला की मारिओ बंद, आणि घरातली भांडणं त्या खटक्यावरून होत. आजच्या रिमोटवर तो खटका 'सोर्स' नावाच्या बटणात आहे. मालिका चालू असताना ते कुणी दाबलं, तर आजीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जातो.