बाकापासून कुरणापर्यंत

मुलांचा कणा वाकू नये म्हणून शास्त्रोक्त मापांनी घडविलेली आणि जमिनीस जखडलेली बाके ज्या काळी युरोपातील शाळाखात्यांस प्रगतीचे लक्षण वाटत होती, त्याच काळी, १९०७ च्या जानेवारीत, रोमच्या सान लोरेंझो या श्रमिकांच्या वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी आपले बालगृह उघडले, आणि पुढे चार वर्षांची दोन मुले सहज उचलून नेतील इतकी हलकी मेजे, चिमुकल्या खुर्च्या व जमिनीवर पसरावयाच्या सतरंज्या मुलांच्या हवाली केल्या. खुर्ची धक्क्याने पडली तर तिचा आवाजच मुलास त्याची चूक दाखवितो, तेथे तंबीची जरुरी उरत नाही, हा त्यांचा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे पंतोजींच्या ओसरीवर मूल भुईवरच बसे आणि धूळपाटीवर अक्षरे गिरवी. परंतु बैठक सुटी असली तरी छडीचा अंमल कायम होता. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात बालशिक्षणाची दीक्षा घेतलेल्या ताराबाई मोडकांनी मात्र १९४५ साली बोर्डीस, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. आणि पुढे कोसबाडला, गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेपर्यंत पोहोचत नाहीत हे पाहून, गुरे चरत असत त्या कुरणातच त्यांचा वर्ग भरविला.