ताकदीच्या औषधाची जुनी गोष्ट

गोऱ्हा खच्ची केला की तो नांगराला जुंपण्याजोगा शांत बैल होतो, हे पेण-रोह्याच्या भातशेतीत पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. वृषणातून शरीराला काहीतरी मिळते आणि ते बंद झाले की प्राण्याचा स्वभाव व अंगलट बदलते, एवढे ज्ञान त्यासाठी पुरेसे होते. ते ‘काहीतरी’ रक्तातून जाते, हे प्रयोगाने दाखवायला १८४९ साल उजाडले. जर्मनीतल्या गोटिंगेन येथे बर्टोल्ड यांनी कोंबडे खच्ची केले आणि काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवला. त्या कोंबड्यांचा तुरा वाढला, आरवणेही सुरू राहिले. बाकीच्यांचे तुरे सुकले.

आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेक पुरुषांपुढे प्रश्न असतो, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने किंवा जेल सुरू करावे की नाही? प्रश्न नवा वाटतो, पण त्यामागची आशा फार जुनी आहे. निर्णय घेण्याआधी त्या आशेचा इतिहास पाहणे उपयोगाचे ठरते.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर लगेच त्याचाच अध्याय येतो. त्यात संततीला फार मोठे स्थान आहे, हे आज ‘वाजीकरण’ शब्द छापून डब्या विकणारे सांगत नाहीत. सुश्रुतसंहितेत बोकडाचे वृषण दूध-तुपात शिजवून घेण्याचा प्रयोग आहे. ज्या अवयवात ताकद, तोच खावा, हा त्यामागचा तर्क.

हाच तर्क १८८९ साली पॅरिसमध्ये वैज्ञानिक वेषात आला. ब्राऊन-सेकार हे नामांकित शरीरशास्त्रज्ञ तेव्हा ७२ वर्षांचे होते. कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क त्यांनी स्वतःला टोचून घेतला आणि तरुणपणाची ताकद परत आल्याचे विद्वानांच्या सभेत सांगितले. जगभर त्या अर्काचा बाजार भरला. पण वृषण हा पदार्थ साठवून ठेवत नाही आणि तो पाण्यात फारसा विरघळतही नाही. म्हणजे त्या पाणीदार अर्कात तो नावापुरताच असणार. ब्राऊन-सेकार खोटे बोलत नव्हते. त्यांना बरे वाटले ते विश्वासामुळे. पुढे १९२०च्या दशकात व्होरोनॉफ यांनी माकडाच्या वृषणाचे काप श्रीमंत वृद्धांना बसवले. तीही लाट ओसरली.

आपल्याकडे या आशेला भीतीची जोड होती. वीर्य गेले की शक्ती गेली, ही ती भीती. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी लहानपणीच ब्रह्मचर्याचे व्रत घेतले. ते साधनेचे व्रत होते. बाजाराने मात्र त्याच शब्दाच्या आडून तरुणांना धास्ती घातली आणि धास्तीवर औषध विकले. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून या समजुतीवर सतत प्रहार केले. वाचकांच्या खासगी प्रश्नांना ते मासिकातून सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांना दंड झाला, पण मासिक १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत चालू राहिले. पुढच्याच वर्षी, १९५४ साली, लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा देशात आला. रेल्वेच्या रुळांकडेच्या भिंती पाहिल्या, की त्या कायद्याचे वजन कळते.

दरम्यान खरा पदार्थ हाती आला होता. १९३१ साली बुटेनांट यांनी सुमारे १५,००० लिटर मूत्रातून अवघे १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन वेगळे केले. १९३५ साली बैलाच्या वृषणातून टेस्टोस्टेरॉन मिळाले आणि त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत तयारही झाले. बुटेनांट व रुझिच्का यांना १९३९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले.

इथे इतिहासाला वळण मिळते. बोकडाचे वृषण, कुत्र्याचा अर्क, माकडाचे काप यांच्या बाबतीत ‘गुण येतो का’ हा प्रश्न होता. टेस्टोस्टेरॉनला गुण येतो. ज्याच्या वृषणाचे किंवा पिट्युटरी ग्रंथीचे काम खरोखर बिघडले आहे, त्याच्यासाठी ते आवश्यक औषध आहे. आता प्रश्न उरतो तो ‘कमतरता आहे का’ हा.

वयाबरोबर पातळी थोडी उतरते. लठ्ठपणा, मधुमेह, झोपेत श्वास अडकणे यांनी ती आणखी उतरते. २०१६ साली अमेरिकेत ६५ वर्षांवरील, कमी पातळीच्या ७९० पुरुषांवरील चाचण्यांचे निष्कर्ष आले. लैंगिक इच्छेत मध्यम सुधारणा दिसली, पण थकवा काही हटला नाही. २०२३ साली पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात वाढल्याचे दिसले नाही, मात्र हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि फुप्फुसात गुठळी यांचे प्रमाण अधिक आढळले. रक्त दाट होऊ शकते, म्हणून तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. बाहेरून हार्मोन मिळाले की मेंदूचा हुकूम थांबतो आणि शुक्राणू घटतात. मूल हवे असलेल्या तरुणाने तर हे आधी ऐकायला हवे.

माझ्या स्वतःच्या रिपोर्टवर गेल्या वर्षी कमी आकडा आला, तेव्हा मी आधी रक्त घेतल्याची वेळ पाहिली. ती दुपारची होती. ही पातळी सकाळी सर्वाधिक असते. म्हणून सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी करावी, आणि लक्षणे व दोन्ही आकडे जुळले तरच औषधाचा विचार करावा, अशी वैद्यकाची रीत आहे. मी त्या रीतीने गेलो. दोन्ही आकडे ठीक आले, साखर मात्र वाढलेली निघाली. औषध सुरू झाले ते साखरेचे.

थकव्याला नाव देण्याआधी औषध देणे, ही या गोष्टीतली सर्वांत जुनी सवय आहे. ब्राऊन-सेकार यांच्याकडे थकवा मोजायचे साधन नव्हते. आपल्या तालुक्याच्या गावात ते आज आहे. संकोच बाजूला ठेवून डॉक्टरांना सरळ विचारणे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. नव्वद वर्षांपूर्वी कर्व्यांना पत्रे लिहिणाऱ्यांनी निदान तेवढे धाडस केले होते.