जलदाबयंत्राचा इतिहास आणि आधाराचा नियम

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कर्मशाळांतून ‘हायड्रॉलिक प्रेस’ या नावाने ओळखले जाणारे यंत्र आता इतके परिचित झाले आहे की, त्याचा काही इतिहास असेल याची कल्पनाही विद्यार्थ्यांस सहसा येत नाही. पोलादी चौकट, वरती नळकांडे व दट्ट्या, खाली पिनांवर टेकविलेला आडवा बेड, बाजूला हातपंप आणि दाबमापक एवढाच त्याचा संसार. शेजारच्या भिंतीवर सूचनांचा एक फलक असतो. पिना दोन्ही बाजूंनी पूर्ण घालाव्यात, भार मध्यावर घ्यावा, उचललेल्या भाराखाली हात घालू नये, सुरक्षा झडपेस हात लावू नये, अशी आज्ञार्थी वाक्ये त्यावर असतात. ही वाक्ये कोणा एका शहाण्याने एका बैठकीत लिहिलेली नाहीत. त्यांतील बहुतेकांच्या मागे यंत्रशास्त्राची एखादी अडचण किंवा एखादा अपघात उभा आहे. प्रस्तुत निबंधात त्या मागच्या इतिहासाचा शोध घेण्याचा, आणि त्यातून निघणारे एक सूत्र मांडण्याचा विचार आहे. ते सूत्र असे की, द्रव हा बळ वाढवून देतो, परंतु ते बळ टिकून राहील याची हमी तो देत नाही. ती हमी माणसानेच वेगळी उभी करावी लागते.

१. तत्त्व आणि यंत्र

द्रवाचा दाब त्याच्या उंचीवर अवलंबून असतो, पात्राच्या आकारावर नाही, हा सिद्धान्त सायमन स्टेव्हिन याने 1586 मध्ये मांडला होता. त्यास यंत्राचे रूप देण्याची कल्पना ब्लेझ पास्काल याची. त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्रवांच्या समतोलावरील प्रबंधात तो सांगतो की, पाण्याने भरलेल्या बंद पात्राला दोन तोंडे असून एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे असेल, तर लहान दट्ट्यावर एका माणसाने दिलेला जोर मोठ्या दट्ट्यावरील शंभर माणसांना तोलून धरील. त्याबरोबरच बळ ज्या प्रमाणात वाढते त्याच प्रमाणात अंतर घटते, हेही त्याने स्पष्ट केले होते.

तत्त्व 1663 मध्ये छापून आले. उपयुक्त यंत्राचे एकस्व मात्र लंडनच्या जोसेफ ब्रामा याने 1795 मध्ये मिळविले. मधल्या 132 वर्षांच्या विलंबाचे कारण सिद्धान्तात नव्हते, ते हस्तकौशल्यात होते. दट्ट्या आणि नळकांडे यांच्या मधल्या फटीतून पाणी निसटत असे. फट बुजविण्यासाठी भरण घट्ट करावे तर दट्ट्या जागचा हलेना, आणि सैल ठेवावे तर दाब चढेना. या अडचणीवरचा उपाय म्हणजे चामड्याचे वाटीसारखे वळविलेले कडे. दाबाखालचे पाणी या कड्याच्या पोकळीत शिरते आणि त्याची कड दट्ट्यावर दाबून धरते. दाब चढेल तसे कडे अधिक आवळते, आणि दाब उतरताच सैल पडून दट्ट्यास परत येऊ देते. जेम्स नॅस्मिथ याने या युक्तीचे श्रेय ब्रामाच्या कारखान्यातील तरुण कारागीर हेन्री मॉड्स्ले यास दिले आहे. बोल्टन येथील बेंजामिन हिक याचेही नाव या संदर्भात घेतले जाते.

श्रेयाचा वाद बाजूस ठेवला तरी या कड्यातील विचार लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या दाबापासून धोका, तोच दाब येथे रक्षणाच्या कामी लावलेला आहे. धोका वाढला की बंदोबस्तही आपोआप वाढतो. जलदाबयंत्राच्या बाबतीत ही सोय फक्त या एका ठिकाणी आहे, हे पुढील इतिहासावरून दिसून येईल.

२. भिंतीची मर्यादा

दाब टिकू लागताच प्रश्न आला तो नळकांड्याच्या भिंतीचा. भिंत जाड केली की यंत्र बळकट झाले, अशी साधी समजूत होती. पीटर बार्लो याचा ब्रामा-यंत्राच्या नळकांड्यांच्या जाडीविषयीचा निबंध लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेने 1836 मध्ये प्रसिद्ध केला. त्यापूर्वी 1833 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लामे आणि क्लापेराँ यांच्या प्रबंधात या प्रश्नाची अधिक काटेकोर गणिती मांडणी झालेली होती. दोहोंचा निष्कर्ष त्या साध्या समजुतीस धक्का देणारा होता. भिंतीतील ताण सर्वत्र सारखा नसतो. आतल्या पृष्ठाशी तो सर्वाधिक असतो व बाहेर जावे तसा कमी होत जातो. म्हणून जाडी वाढविली तरी बाहेरचे लोखंड आतल्या लोखंडाच्या मदतीस पुरेसे धावून येत नाही. लामेच्या सूत्राप्रमाणे आतल्या पृष्ठावरील ताण हा आतील दाबापेक्षा नेहमीच अधिक असतो. तेव्हा दाब धातूच्या ताणशक्तीइतका झाला, तर भिंत कितीही जाड असली तरी तिचा उपयोग नाही.

यंत्रावर कोरलेला कमाल भाराचा आकडा हा याच गणिताचा वारस होय. तो ओलांडून ‘थोडा आणखी’ दाब देणे म्हणजे भिंतीच्या आतल्या पृष्ठाशी, जेथे डोळा पोहोचत नाही तेथे, जुगार खेळणे होय.

३. मेनायवरील अपघात

या यंत्राची सर्वांत मोठी कसोटी 1849 च्या उन्हाळ्यात वेल्समध्ये लागली. मेनायच्या सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन रेल्वेसाठी ब्रिटानिया पूल बांधीत होता. घडीव लोखंडाच्या पत्र्यांची, पेटीसारखी पोकळ अशी प्रचंड तुळई किनाऱ्यावर तयार करावयाची, भरतीच्या पाण्यावर तरंगवीत खांबांच्या पायथ्याशी आणावयाची, आणि जलदाबयंत्रांनी सुमारे 100 फूट वर उचलावयाची, अशी योजना होती. एका मोठ्या तुळईची लांबी 460 फुटांहून अधिक आणि वजन 1,500 टनांहून अधिक होते. यंत्रांपैकी सर्वांत मोठ्याच्या दट्ट्याचा व्यास 20 इंच, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 314 चौरस इंच होते. एका टोकाकडे 750 टन भार धरला, तरी प्रत्येक चौरस इंचावर जवळजवळ 2.4 टन दाब येतो. नळकांडे ओतीव लोखंडाचे होते.

दट्ट्याच्या एका खेपेत तुळई सहा फूट वर जात असे. काम वेगाने उरकण्याचा मोह होण्यासारखी ही परिस्थिती होती. परंतु स्टीफन्सनची सक्त आज्ञा अशी होती की, तुळई वर सरकेल तसतशा तिच्याखाली लाकडी फळ्या सारीत जावे आणि मागोमाग सिमेंटमध्ये विटांचे बांधकाम चढवीत न्यावे. यंत्रावर अविश्वास दाखविण्यासारखे काहीही तोवर घडलेले नव्हते. कॉनवे येथील तशाच पुलाच्या तुळया 1848 मध्ये याच पद्धतीने वर गेलेल्या होत्या. तरीही त्याने हा विलंब पत्करला.

17 ऑगस्ट 1849 रोजी मोठ्या यंत्राच्या नळकांड्याचा तळ फुटून खाली आला. तुळईचे टोक खचले, पण खालचा आधार जितका मागे राहिला होता तितकेच, म्हणजे आठ-नऊ इंच. तेवढ्यानेही बरेच नुकसान झाले. मात्र तुळई वाचली. आधार नसता तर ती सामुद्रधुनीच्या तळाशी गेली असती. नवे नळकांडे बसवून काम पुन्हा सुरू झाले आणि 1850 च्या मार्चमध्ये पुलावरून गाड्या धावू लागल्या.

तळ का फुटला याचे स्पष्टीकरण पुढे रॉबर्ट मॅलेट याने ओतीव धातूच्या रचनेवरून दिले. नळकांड्याचा सपाट तळ भिंतीस जेथे काटकोनात मिळतो, तेथे थिजणाऱ्या धातूत दुबळेपणाचे प्रतल निर्माण होते. तळ गोलाकार केल्यास ते टळते. आकारातील तीक्ष्ण कोपरा हा तुटण्याचे निमंत्रण असतो, हा धडा यंत्ररचनेच्या अभ्यासक्रमात कायमचा राहिला.

परंतु या घटनेचा आणखी एक भाग आहे, आणि पुलाच्या गौरवकथांत तो एखाद्या वाक्यात आटोपला जातो. फुटलेला तळ खाली कोसळला तेव्हा दोराच्या शिडीवरून वर चढणारा एक कामगार त्याच्या तडाख्यात सापडून मरण पावला. स्टीफन्सनच्या आज्ञेने तुळईस आधार दिला होता. यंत्राखालून जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत तशी आज्ञा कामी आली नाही. म्हणून 1849 च्या त्या दिवसातून एक नव्हे तर दोन नियम निघतात. भारास द्रवाखेरीज दुसरा आधार असावा, हा पहिला. आणि यंत्र दाबाखाली असताना जेथे तुटलेला तुकडा जाऊ शकतो तेथे कोणीही असू नये, हा दुसरा. इतिहासाने पहिला लवकर लक्षात ठेवला. दुसरा शिकण्यास फार वेळ लागला.

४. हात, डोळा आणि कायदा

तरफ वापरणाऱ्याच्या हाताला भार जाणवतो. जलदाबयंत्रात ही जाणीव पुसट होते. समजा, हातपंपाचा दट्ट्या अर्ध्या इंचाचा आणि मुख्य दट्ट्या चार इंचांचा आहे, तर क्षेत्रफळांचे गुणोत्तर 64 होते. दांड्याने 20 पट लाभ मिळत असेल, तर हाताने दिलेला 40 रत्तलांचा जोर घर्षण वगळता 51,200 रत्तल, म्हणजे सुमारे 23 टन होऊन उतरतो. लहान मुलासही सहज देता येईल असा हा जोर आहे. हाताची ही हरवलेली जाणीव डोळ्याला परत मिळवून दिली ती दाबमापकाने. वक्र नळीच्या दाबमापकाचे एकस्व युजीन बूर्दाँ याने फ्रान्समध्ये घेतले ते नेमके 1849 मध्येच. त्याच वर्षी मेनायवर नळकांडे फुटावे, हा योगायोग बोलका आहे.

आपल्याकडे हे यंत्र मुख्यतः कापसाबरोबर आले. मुंबईस कुलाब्यात रुईच्या गाठी बांधण्यासाठी पूर्वी माणसांच्या टोळ्यांनी फिरविलेली मळसूत्री दाबयंत्रे असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची जागा वाफेच्या पंपांवर चालणाऱ्या जलदाबयंत्रांनी घेतली, आणि रेल्वेबरोबर ती खानदेश-वऱ्हाडातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांतही पोहोचली. मुंबईची गाठ साडेतीन हंड्रेडवेटची, म्हणजे 392 रत्तलांची असे. रुई पूर्ण दाबलेली असतानाच कामगारांना तिच्याभोवती लोखंडी पट्ट्या आवळाव्या लागत.

मळसूत्रात आणि पाण्यात येथे एक महत्त्वाचा भेद आहे. मळसूत्र जेथे थांबवावे तेथेच थांबते. घर्षणामुळे ते भाराखाली आपण होऊन उलटे फिरत नाही. पाण्यावर उभा असलेला दट्ट्या मात्र एका झडपेच्या गळतीने मागे सरकतो. जुन्या यंत्रावर हात बसलेल्या माणसाच्या मनात ‘ठेवलेला भार राहतो’ ही खात्री मुरलेली असते. नव्या यंत्राने ती खात्री काढून घेतली, पण तसे बोलून दाखविले नाही.

कायद्याची वाटचालही उद्बोधक आहे. हिंदुस्थानातील पहिला कारखाने अधिनियम 1881 चा. 1925 चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा स्वतंत्र अधिनियम झाला, पण त्याचा मुख्य रोख गाठींवरील खुणा, वजने आणि भेसळ यांवर होता. त्याने जपले ते कापसाला. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 31 व्या कलमाने दाबाखाली चालणाऱ्या यंत्रसामग्रीत सुरक्षित दाबाची मर्यादा ओलांडली जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय योजणे बंधनकारक केले. त्याच अधिनियमाच्या 23 व्या कलमाने धोकादायक यंत्रांवर तरुणांना शिक्षणावाचून कामास लावण्यास बंदी केली. त्या कलमाखालील नियमांत शक्तिचलित दाबयंत्रांचा समावेश करताना ‘जलदाबयंत्रे वगळून’ असा अपवाद ठेवण्याची प्रथा होती. गतिचक्राच्या यंत्राचा ठोका एका क्षणात बोटे नेतो, आणि जलदाबयंत्र सावकाश उतरते, हा भेद त्यामागे असावा असे दिसते. तो भेद खरा आहे. पण सावकाशपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे मेनायवर यापूर्वीच सिद्ध झाले होते.

५. कर्मशाळेतील फलक

आता भिंतीवरील फलकाकडे पुन्हा वळू. बेडच्या पिना दोन्ही बाजूंनी आरपार घालून बेड समतल ठेवावा, कारण चौकटीचा सर्व भार शेवटी त्या पिनांवर येतो. बेडची उंची बदलताना त्याचे वजन साखळीने किंवा दुसऱ्या आधाराने तोलावे. भार दट्ट्याच्या अक्षात घ्यावा. तिरका भार दट्ट्यास वाकवितो आणि कामाचा तुकडा बाजूस फेकतो. बेअरिंग काढताना कड्याखाली दोन्ही बाजूंनी सारखा आधार द्यावा, व खाली पडणाऱ्या शाफ्टसाठी काहीतरी धरून ठेवावे. कठीण पोलादी कडी व ओतीव लोखंड हे वाकत नाहीत, एकदम फुटतात; म्हणून जाळी किंवा ढाल लावावी, डोळ्यांवर चष्मा असावा आणि यंत्राच्या समोरून बाजूस उभे राहावे. मेनायच्या शिडीवरील माणसाचा नियम तो हाच.

तुकडा हलत नसेल आणि काटा चढतच असेल, तर दांडा थांबवून विचार करावा. पाणी किंवा तेल फारसे दबत नाही, त्यामुळे वाफेइतकी ऊर्जा त्यात साठत नाही हे खरे. पण ताणलेली चौकट आणि दबलेला तुकडा यांत ती साठलेली असते, आणि सुटताना ती इशारा देत नाही. गळती हाताने चाचपू नये. उच्च दाबाचे बारीक फवारे त्वचा भेदून आत शिरतात. डिझेल इंजिनातील तेलाने झालेल्या अशा इजेचे वृत्त अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात 1937 मध्येच आले होते. वरून लहान दिसणाऱ्या अशा जखमेने बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. सुरक्षा झडप आवळून यंत्राचे सामर्थ्य वाढत नाही, केवळ त्याची वाचा बंद होते. काम संपताच दाब उतरवावा. आणि भार उचलून धरावयाचा असेल, तर ठोकळे सारून मगच त्याच्याजवळ जावे.

या शेवटच्या नियमात स्टीफन्सनच्या फळ्या व विटा आहेत. चामड्याचे कडे दाबाबरोबर स्वतः आवळते. भिंत तसे करीत नाही, झडप तसे करीत नाही, आणि भार तर नाहीच. ती जागा माणसाच्या शिस्तीने भरून काढावयाची असते. विद्यार्थ्याने फलक पाठ केला तर तो परीक्षेत उत्तीर्ण होईल. परंतु प्रत्येक ओळीमागे काय फुटले आणि कोण खाली होते हे त्याला माहीत असेल, तर कोणी पाहत नसतानाही तो ठोकळा सारल्यावाचून हात पुढे करणार नाही. तंत्रविद्येच्या इतिहासाचे अध्यापन कर्मशाळेपर्यंत पोहोचले पाहिजे, ते यासाठीच.