ठराव १९२३चा, कायदा २०१६चा : कागदावर उघडलेली दारे



४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, अशी त्यात शिफारस होती. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पुढे काय झाले? काहीच नाही. तळे खुले होते, पण पाणी कुणाला घेता येत नव्हते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी कौन्सिलात पुन्हा ठराव आला, की जुना ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांचे अनुदान बंद करावे. तीही शिफारसच. शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले, आणि न्यायालयातली लढाई तर १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाच्या निकालाने संपली.

हा इतिहास आपल्याला पाठ आहे. तो आज मी वेगळ्या कारणाने काढला आहे. हक्क कागदावर द्यायचा आणि अंमल ‘शिफारस’ या शब्दावर सोडायचा, ही या व्यवस्थेची जुनी रीत आहे. आज तीच रीत अपंग माणूस आणि सरकारी वेबसाइट यांच्यामध्ये उभी आहे.

(मी ‘अपंग’ लिहितो, ‘दिव्यांग’ नाही. ज्यांच्यावर ‘हरिजन’ हे गोड नाव लादले गेले होते, त्यांना याचे कारण सांगायची गरज नसावी. योजनांची आणि खात्यांची नावे मात्र आहेत तशीच ठेवली आहेत.)

खोडाळ्याकडे बघा. मोखाडा तालुक्यातले हे बाजाराचे गाव. भोवती वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांचे पाडे. पावसाळा संपला की निम्मी माणसे वीटभट्टीवर. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हा सरकार जवळ आले असे सांगण्यात आले. पण त्यानंतरच्या दहा वर्षांत सरकार मोबाइलच्या पडद्यावर जाऊन बसले. १ जून २०२१ पासून अपंगत्वाचे प्रमाणपत्र ‘स्वावलंबन’ या केंद्रीय पोर्टलवरूनच मिळते. प्रमाणपत्र नाही, तर संजय गांधी निराधार योजनेत अपंग म्हणून अर्ज नाही, आरक्षण नाही, एसटीची सवलत नाही. म्हणजे ज्याला दिसत नाही, त्याने ‘मला दिसत नाही’ हे सिद्ध करायला आधी पडदा वाचायचा. पाड्यावर रेंज नसते, हे तर वेगळेच.

यावर ठरलेले उत्तर असते : “सेवा केंद्रात जा, तिथला माणूस भरून देईल.” माणूस भरून देतोही, पैसे घेऊन. पण ओटीपी त्याच्या हातात, पासबुक त्याच्या हातात, आणि अर्जात काय लिहिले हे आंधळ्या माणसाला कधीच कळत नाही. महाराच्या ओंजळीत वरून पाणी ओतणाऱ्यालाही आपण उपकारच करतो आहोत असे वाटायचे. पाणी मिळायचे, हक्क मिळायचा नाही. दोन्ही अन्याय एक आहेत असे मी म्हणत नाही. अस्पृश्यता धर्माने मुद्दाम घडवलेली होती. वेबसाइटची भिंत बहुतेक वेळा बेफिकिरीने उभी राहते. पण भिंतीबाहेरच्या माणसाला याने काय फरक पडतो? आणि तो माणूस आदिवासी किंवा दलित असेल, तर त्याला दोन्ही भिंती ओलांडाव्या लागतात.

तांत्रिक बाजू अवघड नाही. आंधळी व्यक्ती फोन ‘ऐकून’ वापरते. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आहे, संगणकासाठी एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर आहे. तो पानावरचा मजकूर मोठ्याने वाचतो, मराठीही वाचतो. अट एकच, मजकूर खरोखर मजकूर असला पाहिजे. मराठीची अडचण नेमकी इथे झाली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी पुढची कित्येक वर्षे आपल्या वर्तमानपत्रांच्या आणि कचेऱ्यांच्या वेबसाइट ज्याच्या त्याच्या खासगी फॉण्टवर चालत. डोळ्यांना ‘महाराष्ट्र’ दिसे, आत मात्र इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा चिवडा असे. स्क्रीन रीडर तो चिवडा वाचून दाखवी. नंतर युनिकोड आला, तर शासन निर्णय स्कॅन करून चढवायची सवय लागली. स्कॅन म्हणजे कागदाचा फोटो. त्यातून स्क्रीन रीडरला एक अक्षर मिळत नाही. नाव नसलेली बटणे, नुसते चित्र दाखवणारा कॅप्चा, माऊसशिवाय न उघडणारी यादी, हे सगळे त्याच जातीचे. जगात याचे नियम १९९९ पासून लिहिलेले आहेत आणि भारत सरकारची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे २००९ ची आहेत.

आता पुन्हा ‘शिफारस’ या शब्दाकडे येऊ. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ४२ सांगते, की इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर अपंगांना वापरता आला पाहिजे. कलम ८९ मध्ये पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत आणि पुढच्यांना ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे. कायदा सक्तीचा. पण २०१७ च्या नियमांतल्या १५ व्या नियमाने मानके म्हणून बोट दाखवले ते मार्गदर्शक तत्त्वांकडे, आणि त्यांची भाषा ‘करावे’, ‘इष्ट आहे’ अशी. दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१७ ला निकाल लागला, अंमल झाला नाही. अखेर ८ नोव्हेंबर २०२४ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने नियम १५(१) हा मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितले. महाडला दहा वर्षे लागली. इथे एकोणीस लागली, तीही नियम ‘करा’ एवढे म्हणेपर्यंत.

पाठोपाठ ३० एप्रिल २०२५ ला प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल आला. ॲसिडहल्ल्यात डोळे गेलेल्या स्त्रियांना बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर पापणी मिटता येत नव्हती. डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. कलम २१ चा आधार का लागला, हे कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. विहिरी, तळी, दुकाने खुली करणाऱ्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, अपंगत्व नाही. ते कलम ४१ मध्ये आहे, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत. राज्यघटनेची पूजा करणारा हे सांगायचे टाळेल, पण आपण पूजा करणारे नाही.

आणि आपले काय? बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड १९७९ ला निघाला. वसंत मून यांनी आयुष्य त्यात घातले. आज तेच खंड आपण व्हॉट्सॲपवर स्कॅन पीडीएफ म्हणून फिरवतो. विचार पोस्टरवर टाकतो, खाली चार ओळी टाइप करत नाही. धम्म परिषदेची भाषणे सबटायटलशिवाय चढवतो, मग बहिऱ्या मुलीने काय बघायचे? अखेरच्या वर्षांत खुद्द बाबासाहेबांची दृष्टी अधू झाली होती, तरी वाचन-लेखन त्यांनी सोडले नव्हते. आपल्या चळवळीचे साहित्य आंधळ्या भीमसैनिकाला वाचता येत नसेल, तर तो दोष सरकारचा नाही. पोस्टरखाली मजकूर टाकायला पाच मिनिटे लागतात. स्कॅनचे अक्षरांत रूपांतर करणारी साधने फोनमध्ये आहेत; चुका तपासायला दोन पोरे बसवली की झाले.

सरकारी वेबसाइटसाठी मात्र तक्रार करावी लागेल, आणि ती नेमकी हवी. फोनवर टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटून अर्ज भरायला बसा. जिथे अडाल तिथले पान, तारीख, वेळ लिहून घ्या, आवाजासह स्क्रीनचे रेकॉर्डिंग करा. कलम ४२ आणि ८९ चा उल्लेख करून ते पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे पाठवा, पोच घ्या. अर्जावर सही ज्याची अडवणूक झाली त्या माणसाची असू द्या. आपण सोबत बसायचे, त्याच्या वतीने बोलायचे नाही.