चित्रपटांतील उद्योगसंस्थापक आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद

नवे तंत्र हाती घेऊन उद्योग उभारणारा पुरुष हा अलीकडच्या काळात चित्रपटांचा आवडता नायक झाला आहे. अमेरिकेतील संगणक-उद्योगाच्या उदयावर १९९९ साली ‘पायरेट्स ऑफ सिलिकॉन व्हॅली’, २०१० साली ‘द सोशल नेटवर्क’ व २०१५ साली ‘स्टीव्ह जॉब्स’ हे चित्रपट निघाले. मराठीत परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा याच जातीचा होय. कारण १९१३ साली चित्रपट हेच एक नवे यंत्रतंत्र होते व दादासाहेब फाळके हे त्याचे या देशातील आद्य कारखानदार होते. अशा चित्रपटांवरून उद्योगाच्या इतिहासाचे आकलन कितपत होते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटाचा भर पहिल्या निर्मितीच्या धडपडीवर आहे. फाळक्यांनी विमा गहाण टाकून १९१२ साली लंडन गाठले, कॅमेरा आणला, पत्नी सरस्वतीबाईंनी फीत धुण्यापासून सर्व कामांत हात दिला, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. हा सर्व भाग इतिहासाला धरून आहे. परंतु उद्योगसंस्थेचा खरा इतिहास त्यापुढे सुरू होतो. १९१८ साली भांडवलदार भागीदारांसह नाशकात हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. भागीदारांशी न पटल्याने फाळके काही काळ कंपनी सोडून काशीस गेले व पुढे परतले. विजयाच्या क्षणाभोवती गुंफलेल्या कथेत या प्रकरणास जागा उरत नाही.

शेवट कोठे करावयाचा, यावर चित्रपटाचा अर्थ अवलंबून असतो. ‘स्टीव्ह जॉब्स’मध्ये १९८४, १९८८ व १९९८ सालच्या तीन यंत्रांचे तीन अनावरण-प्रसंग निवडले आहेत, साहजिकच कारखाना, कामगार व पुरवठादार रंगमंचाबाहेर राहतात. ‘द सोशल नेटवर्क’ने मात्र भागीदारांतील दावे हाच कथेचा सांगाडा केला, हे त्याचे वेगळेपण नोंदले पाहिजे. तरीही तेथेही संस्था म्हणजे काही थोड्या व्यक्तींचे हेवेदावे, एवढाच बोध होतो.

या साच्याची परीक्षा पाहण्यास सोलापूरच्या एका चरित्राचा उपयोग होतो. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, सावकारी व कापसाचा व्यापार करणाऱ्या गुजराती जैन घराण्यात झाला. घरचा धंदा सोडून ते बांधकामाच्या ठेक्यांकडे वळले ते लक्ष्मणराव फाटक यांच्या जोडीने. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. ठेक्यांची माहिती त्यांची व भांडवल वालचंदांचे, अशी ही भागीदारी होती. एकाकी नायकाच्या कथेत फाटकांचे स्थान दुय्यमच राहील. इतिहासात मात्र त्यांच्यावाचून प्रारंभच समजत नाही.

जहाजांच्या व्यवसायातही हेच दिसते. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेल्या या जहाजापासून सिंदिया कंपनीचा व्यवहार सुरू झाला. तिच्या संस्थापकांत वालचंदांबरोबर नरोत्तम मोरारजी होते, आणि सोलापूरची १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी ही याच मोरारजी घराण्याची होती. म्हणजे सोलापूरच्या गिरणीचे व सावकारीचे भांडवल एका साहसात एकत्र आले. पुढे ब्रिटिश कंपन्यांच्या दरयुद्धाने जेरीस आलेल्या सिंदियास १९२३ साली दहा वर्षांचा करार करून किनारी मालवाहतुकीपुरते मर्यादित व्हावे लागले. अशी तडजोड चित्रपटाच्या नायकास शोभत नाही. परंतु तिच्यामुळेच कंपनी तगली.

विमानांच्या बाबतीत तर कथेचा शेवटच उलटा आहे. १९३९ साली अमेरिकन विमान-व्यावसायिक विल्यम पॉली यांची गाठ पडल्यावर वालचंदांनी विमानकारखान्याची कल्पना धरली व म्हैसूर संस्थानाच्या भांडवलासह डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट स्थापन केली. महायुद्धाच्या निकडीने हिंदुस्थान सरकार १९४१ साली भागीदार झाले आणि १९४२ साली वालचंदांचे भाग घेऊन त्याने कारभार आपल्याकडे घेतला. १९४१ साली विशाखापट्टणम येथे पायाभरणी झालेल्या जहाजबांधणी कारखान्यातील बहुसंख्य भागही १९५२ साली शासनाकडे गेले. दोन्ही संस्था संस्थापकाच्या हातून गेल्या व वाढल्या. संस्थापकाचा पराभव आणि संस्थेचा विजय या एकाच घटनेच्या दोन बाजू ठरतात, हे येथे ध्यानी घ्यावे लागते.

चित्रपटास हे सत्य मुळीच पेलत नाही, असे नाही. बी. आर. पंतुलू यांच्या ‘कप्पलोट्टिय तमिळन’ (१९६१) या तमिळ चित्रपटात व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांची कथा आहे. १९०६ साली तुतिकोरिन येथे स्वदेशी जहाज कंपनी काढणाऱ्या पिल्ल्यांना १९०८ साली अटक झाली व पुढे कंपनीही बुडाली. शिवाजी गणेशन यांनी रंगविलेला हा संस्थापक तुरुंगातील हालअपेष्टा व उत्तरायुष्यातील उपेक्षा यांसह पडद्यावर येतो. तेथे उद्योग हा स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून दाखविला असल्याने अपयशासही अर्थ प्राप्त होतो.

सारांश, संस्थापकाचे धाडस हे उद्योगाच्या इतिहासाचे एक कारण असते, सर्वस्व नव्हे. ते चित्रपट प्रभावीपणे दाखवितो, आणि नव्या पिढीस त्या विषयाची गोडी लावतो, हे श्रेय त्यास द्यावेच लागेल. परंतु भागीदार, कामगार, प्रतिस्पर्धी, शासन व युद्ध यांनी घडविलेला भाग कागदपत्रांतूनच शोधावा लागतो. सोलापुरासारख्या शहराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. केवळ एका पुरुषाचा गौरव शिल्लक राहिला, तर ज्या पेढ्या, गिरण्या व माणसे यांच्या आधारे तो पुरुष उभा राहिला, त्यांचा इतिहास त्याच गौरवाखाली झाकला जाईल.