हिरवागार हरभरा, पोचट घाटे: एका उत्तराची चाळीस वर्षं

आजची गोष्ट आमच्या रानातून सुरू होते. दोन वर्षांपूर्वी आजीनं फोनवर सांगितलं होतं, "हरभरा असा माजलाय, बघत राहावं." मी पुण्यात बसून कोड लिहिणारा माणूस, खूश झालो. फेब्रुवारीत पुन्हा फोन आला. झाडं मोठी, पण निम्मे घाटे पोचट. असं का, हे घरात कुणालाच सांगता येईना. मग मी वाचायला घेतलं.

हरभरा वाढतो तो बहुतेक करून पाऊस संपल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर. म्हणजे एकदाच चार्ज केलेली बॅटरी. घाटे भरायची वेळ येते तेव्हा ती संपत आलेली असते, आणि वरून ऊन वाढतं. मग झाड पानांवरची रंध्रं मिटून घेतं. त्यानं पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, त्यामुळे अन्न तयार होणं मंदावतं. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात, तेही काम थंडावतं. शेवटी फुलं गळतात आणि दाणे बारीक राहतात.

आता जरा मागे जाऊ. १९७२. आपल्याकडे तो मोठा दुष्काळ. सुकडी, मिलो, खडी फोडायची कामं, हे सगळं घरोघरी ऐकलेलं असतं. त्याच वर्षी हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संशोधन संस्था सुरू झाली. काम कोरडवाहू पिकांवर: ज्वारी-बाजरी, आणि जोडीला हरभरा, तूर.

हरभऱ्याबाबत तिथलं एक उत्तर सरळ होतं: ओल संपायच्या आत पीक काढून मोकळं व्हा. 'आयसीसीव्ही २' हा लवकर येणारा काबुली वाण त्यातलाच. पण यात एक गोम आहे. पाऊस चांगला झाला, तर लवकर उरकणाऱ्या झाडाला त्या जास्तीच्या ओलीचा पुरता फायदा घेता येत नाही.

दुसरं उत्तर मुळांचं. 'आयसीसी ४९५८' नावाच्या हरभऱ्याची मुळं जोमदार होती. शास्त्रज्ञांनी जमीन खणून, मुळं धुऊन, मोजून काढली. विचार असा की मूळ खोल गेलं तर पाणी जास्त मिळेल. पुढे याच हरभऱ्यातला गुणसूत्राचा एक तुकडा डीएनए मार्करच्या मदतीनं दुसऱ्या वाणात आणून 'पुसा १०२१६' तयार झाला.

पण मधेच, २०११ मध्ये, इक्रिसॅटमधूनच एक वेगळा निष्कर्ष आला. त्यांनी मातीनं भरलेल्या १.२ मीटर उंच पीव्हीसी पाइपांत हरभरा लावला आणि पाइप वेळोवेळी वजन केले. वजन जितकं घटलं, तितकं पाणी झाडानं वापरलं. साधी युक्ती! दिसलं काय, तर दुष्काळात टिकणारे वाण एकूण पाणी काही जास्त ओढत नव्हते. ते सुरुवातीला हात राखून प्यायचे आणि वाचलेलं पाणी घाटे भरताना वापरायचे.

याचा अर्थ मुळं बिनकामाची असा नाही. खोल काळ्या जमिनीत खाली ओल असेल तर लांब मूळ उपयोगी पडतंच. पण हलक्या, उथळ जमिनीत खाली काही नसतंच. तिथे पाण्याचा हिशेब महत्त्वाचा.

आणि आमचं रान उथळ आहे, हातभर खाली मुरूम लागतो. डिसेंबरात माजलेल्या त्या हरभऱ्यानं आपलं पाणी बहुधा तेव्हाच संपवलं होतं. ज्या हिरवेपणावर आम्ही खूश होतो, तोच महागात पडला.

आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आधीच हात सैल सोडला, तर संक्रांतीनंतर खायचं काय?"

यंदा बियाणं घेताना आम्ही दुकानदाराला आधी जमिनीची खोली सांगणार आहोत. तुमच्याकडे ओल कुठवर जाते? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!