अर्जुनसाल

अर्जुन किंवा अर्जुनसादडा (टर्मिनॅलिया अर्जुना; कुल : काँब्रेटेसी) या वृक्षाची औषधी साल. भारत व श्रीलंकेतील हा सु. २५ मी. उंचीचा वृक्ष विदर्भातही नदी-नाल्यांच्या काठी वाढतो (पहा : ऐन). साल बाहेरून करडी-पांढरट व गुळगुळीत, आतून तांबूस असते. तिचे सपाट तुकडे सुटून पडतात. तिच्यात टॅनिने, अर्जुनोलिक अम्ल व कॅल्शियमची लवणे असतात. आयुर्वेदात ती तुरट, शीत व हृद्य मानली आहे (पहा : हृद्रोग). सालीचे चूर्ण दूध-पाण्यात घालून, पाणी आटेपर्यंत उकळून केलेला क्षीरपाक हृद्रोगावर देतात. ११ व्या शतकातील चक्रदत्त या आयुर्वेदीय ग्रंथात हा प्रयोग आहे. अस्थिभंग व रक्तस्रावावरही ती वापरतात. आधुनिक चाचण्या लहान व अपुऱ्या असल्याने चालू औषधे थांबवून केवळ सालीवर विसंबणे धोक्याचे आहे.